कोपरा कोणाचा?

माणसाने पहिली भिंत बांधली तेव्हा एक भांडण मिटले असावे. अलीकडचे माझे, पलीकडचे तुझे. पण एका भिंतीने घर होत नाही. एकट्या भिंतीचा उपयोग फार तर तिच्यावर 'येथे जाहिराती लावू नयेत' ही जाहिरात रंगवण्यापुरता. घर व्हायचे तर दुसरी भिंत हवी, आणि दुसरी आली की ती पहिलीला कुठे तरी गाठणार. दोन्ही भिंती नऊ-नऊ इंचांच्या असल्या तर त्या जिथे एकमेकींत शिरतात तिथे नऊ इंच लांब आणि नऊ इंच रुंद असा एक चौकोन तयार होतो. हा चौकोन पहिलीचा की दुसरीचा? बघा, आत्ताच मिटलेले भांडण पुन्हा सुरू झाले.

मी बोलतो आहे तो खोलीतला कोपरा नव्हे. खोलीतल्या कोपऱ्याला मालक पुष्कळ. छत्री, कॅरमबोर्ड, गुंडाळलेली चटई, गेल्या गणपतीतली मखराची कमान आणि या सर्वांमागे वंशपरंपरेने राहणारी एक पाल. मी म्हणतो तो भिंतीच्या पोटातला कोपरा. विटांनी गच्च भरलेला, कुणाला न दिसणारा. साठी उलटेपर्यंत मला त्याच्याविषयी काहीही वाटलेले नव्हते. वाटायचे कारणही नव्हते. हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो माझ्या पुतणीच्या लॅपटॉपमधून.

पुतणी आर्किटेक्ट आहे. तिला वास्तुविशारद म्हटले की आमच्या सौ.ना वास्तुशास्त्र आठवते आणि त्या शेगडी कोणत्या दिशेला असावी हे विचारू लागतात, म्हणून आम्ही आर्किटेक्टच म्हणतो. तिच्या घरी रंगकाम निघाले होते, तेव्हा चार दिवस ती आमच्या जेवणाच्या टेबलावर कचेरी थाटून बसली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिने मान वर केली नाही. शेवटी मीच विचारले, "काय एवढं चाललंय गं?"

"भिंतींचे सांधे साफ करतेय, काका."

आतून सौ.चा आवाज आला, "मग आमच्याकडचेही करून टाक हो! माळ्याखाली कोळिष्टकं झालीयत."

पण हे सांधे साफ करणे निराळे होते. पडद्यावर एका घराचा नकाशा होता. त्यात भिंती होत्या, आणि जिथे भिंत भिंतीला मिळत होती तिथे काही ना काही घाण होती. कुठे एकीचे टोक दुसरीच्या पार बाहेर आले होते, सदऱ्याची बाही कोटाबाहेर यावी तसे. कुठे दोघींत बोटभर फट. कुठे दोघी नीट मिळाल्या होत्या, पण मधली रेघ पुसली गेली नव्हती, त्यामुळे एकाच विटेची भिंत दोन तुकड्यांत चिरल्यासारखी दिसत होती. एका घरात असे शंभर-सव्वाशे सांधे. प्रत्येकाशी जाऊन त्याची समजूत घालायची.

पूर्वी हे काम ब्लेडने होत असे. ट्रेसिंग पेपरवर शाईने दोन भिंती काढायच्या, आणि नको तिथे रेघ गेली की दाढीच्या पात्याने ती हलकेच खरवडायची. हात जड पडला की कागदाला भोक, आणि भोक पडले की साहेबाचा आवाज. पण त्या भिंती म्हणजे नुसत्या रेघा होत्या. आपण भिंत आहोत हे त्यांना माहीत नव्हते. संगणकातल्या भिंतीला ते माहीत असते. तिला जाडी असते, उंची असते, आत विटांचा थर, बाहेर गिलावा, त्यावर रंग हे सगळे तिला पाठ असते. दुसरी भिंत जवळ आली की ती आपणहून हात पुढे करते. मुळात हा सांधा जमायलाच हवा. पण स्वतःविषयी इतके सगळे माहीत असलेली दोन माणसे एकत्र आली की काय होते ते आपण लग्नकार्यात पाहतोच.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. निवृत्त माणसाला दुसऱ्याचे काम बघण्याइतके सुख कशात नाही. चार दिवसांत मला एवढे कळले की भिंतींचे सांधे जुळवणारी जी सॉफ्टवेअरे आहेत त्यांतल्या प्रत्येकाचे एक नीतिशास्त्र आहे. तयार करणाऱ्यांना ते शास्त्र आहे याची कल्पना होती की नाही कोण जाणे.

ऑटोकॅड आर्किटेक्चर नावाचे एक आहे. त्याचा स्वभाव जुन्या वळणाचा. भिंतीच्या टोकाभोवती एक वर्तुळ मानलेले असते. त्या वर्तुळात दुसरी भिंत आली तरच ओळख दाखवायची. शिवाय भिंतींचे गट पाडता येतात. या गटातल्या भिंती आपापसांत मिळतील, त्या गटातल्यांशी मिळणार नाहीत. शेजारून गेल्या तरी बोलणार नाहीत. थोडक्यात, रोटी-बेटी व्यवहार गटापुरता. आणि सांधा काही केल्या जमला नाही की ते त्या जागी एक लाल खूण करते. आमच्या शाळेत असे एक मास्तर होते. गणित कसे सोडवायचे ते सांगत नसत, लाल पेन्सिलीने गोल मात्र भराभर काढत.

दुसरे आर्चिकॅड. हे बुडापेस्टचे. १९८२ साली, म्हणजे हंगेरीत अजून कम्युनिस्ट राजवट असताना, तिथे एक कंपनी निघाली आणि पुढे तिने हे तयार केले. समतेच्या राज्यात जन्मलेल्या कंपनीच्या या सॉफ्टवेअरमध्ये बांधकामाच्या प्रत्येक मालाला ० ते ९९९ यांतला एक अंक दिलेला असतो. दोन माल एकमेकांत शिरले की मोठ्या अंकाचा लहान अंकाच्या मालाला कापतो. काँक्रीट विटेला कापते, वीट गिलाव्याला कापते. गिलावा बिचारा कोणाला कापणार? तो कापून घेतो.

तिसरे रेव्हिट. त्याची पहिली आवृत्ती २००० सालची, आणि दोनच वर्षांत ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. पुतणी यातच काम करते. यातही उतरंड आहे, पण उलटी. भिंतीच्या ज्या थरावर भार त्याला १, आणि बाहेरच्या शोभेच्या लेपाला ४ किंवा ५. इथे लहान अंक मोठा. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वर्ग एकचा माणूस सरळ पुढे जातो, वर्ग चारचा दारात थांबतो; पगाराचा आकडा मात्र याच्या बरोब्बर विरुद्ध चालतो. तेव्हा आर्चिकॅडवाल्यांनी पगारपत्रक पाहिले असावे आणि रेव्हिटवाल्यांनी पदांची यादी, एवढाच फरक.

पण खरी गंमत दोन भिंती एकाच मालाच्या, एकाच दर्जाच्या असतात तेव्हा आहे. दोघी वर्ग एक. आता पुढे कोण जाणार? रेव्हिटमध्ये याला उत्तरे आहेत. एक उत्तर असे, की एका भिंतीने टोकापर्यंत जायचे आणि दुसरीने तिच्या कुशीला येऊन थांबायचे. कोणी जायचे हे संगणक आधी स्वतःच ठरवतो. ते पसंत नसेल तर एक बटण आहे, त्यावर नुसते 'पुढचा' अशा अर्थाचे लिहिलेले असते. ते दाबले की हरलेली जिंकते आणि जिंकलेली येऊन टेकते. पुन्हा दाबले की पुन्हा उलट. मी पुतणीच्या हातातून माउस घेऊन हे बटण सात-आठ वेळा दाबून पाहिले. इतका सोपा न्याय मी कुठल्याही कचेरीत पाहिला नव्हता.

दुसरे उत्तर, दोघींनीही तिरपे कापून घ्यायचे. पंचेचाळीस अंशांत तू, पंचेचाळीस अंशांत मी. तसबिरीच्या चौकटीचा कोपरा असतो तसा. मला हे फारच आवडले. "यालाच म्हणतात समता! सगळीकडे हेच का नाही लावत?" मी म्हणालो.

पुतणी म्हणाली, "काका, नकाशात छान दिसतं. पण कुठला गवंडी प्रत्येक वीट पंचेचाळीसात कापत बसेल? आणि कापली तरी तो सांधा वरपासून खालपर्यंत एका रेषेत उभा चिरलेला. उद्या तिथेच तडा जाणार."

मी भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या तसबिरीकडे पाहिले. चारी कोपऱ्यांत चौकट उकललेली होती. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि निम्म्या-निम्म्या वाटणीचा सांधा पहिला उघडतो. सौ.नी माझी नजर पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या.

मग खरा गवंडी काय करतो? हे मात्र ऐकण्यासारखे आहे. नऊ इंची भिंत इंग्लिश बाँडमध्ये रचतात तेव्हा एका थरात बाहेरून विटेची लांबी दिसते, त्याच्या वरच्या थरात विटेचे तोंड. कोपऱ्यावर आले की या भिंतीचा लांबीचा थर टोकापर्यंत जातो आणि त्या भिंतीचा थर त्याला येऊन टेकतो. वरच्या थराला नेमके उलट. ती टोकापर्यंत जाते आणि ही टेकते. त्याच्या वर पुन्हा ही, त्याच्या वर पुन्हा ती. पायापासून छपरापर्यंत आळीपाळी. उभे सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून कोपऱ्याशेजारी विटेचा एक उभा अर्धा तुकडा घालतात, बस्स. म्हणजे तो नऊ इंची चौकोन कोणाचा, याचे उत्तर गवंडी 'आज तुझा, उद्या तिचा' असे देतो आणि थापी चालवतो. ओळंबा नि गुण्या यांखेरीज कुठलेही तत्त्वज्ञान त्याच्या पिशवीत नसते.

यातली मेख पुतणीने दाखवली तेव्हा मी जरा गप्प झालो. घराचा नकाशा म्हणजे काय, तर साधारण चार फुटांच्या उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिले असता जे दिसते ते. चार फुटांवर कापले तर सुरी कुठल्या तरी एकाच थरातून जाणार. त्या थरात एकच भिंत पुढे गेलेली दिसणार आणि दुसरी थांबलेली. तीन इंच वर कापले असते तर निकाल उलटा लागला असता. पण नकाशा एकाच उंचीचा असतो. आपण लोकांचे संसार पाहतो तेही असेच. आमच्या शेजारच्या घरात गेली पंचवीस वर्षे मी एवढेच पाहत आलो की वहिनी बोलतात आणि भाऊसाहेब थांबतात. आता वाटते, मी तिथे नेहमी संध्याकाळी सहा वाजता जात होतो.

अर्थात हल्लीच्या इमारतीत हा आळीपाळीचा न्याय उरला आहे असे समजू नका. हल्ली कोपऱ्यात काँक्रीटचा कॉलम उभा असतो. दोन भिंतींचे भांडण आणि कोपरा तिसऱ्याला. भिंती दोन्ही बाजूंनी त्याला टेकून नुसत्या उभ्या राहतात, भारही तोच घेतो. काँक्रीट आणि वीट यांचे मात्र कधी एकजीव होत नाही. म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याच्या आत कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ठोकतात. तरी दोन पावसाळ्यांत केसासारखी चीर दिसते ती दिसतेच.

हा कोपरा दिसत नसला तरी त्याचे पैसे होतात हे विसरता कामा नये. पदविकेच्या पोरांना बांधकामाचे माप काढायच्या दोन रीती शिकवतात. एका रीतीत लांब भिंत बाहेरून बाहेर मोजायची आणि आखूड भिंत आतून आत. म्हणजे चारही कोपरे थोरल्या भावाच्या नावावर, धाकट्याने उरलेल्यात भागवायचे. हिशेब बिनचूक येतो, धाकट्याला काय वाटते हा हिशेबाचा भाग नाही. दुसऱ्या रीतीत दोन्ही भिंती मध्यरेषेवर मोजायच्या. इथे कोपऱ्याच्या आतला पाव चौकोन दोनदा मोजला जातो आणि बाहेरचा पाव चौकोन एकदाही नाही. एक चूक अधिक, एक चूक उणी, आणि बेरीज तंतोतंत! पाप आणि पुण्य इतके चोख वजा होताना मी फक्त याच एका ठिकाणी पाहिले आहे. पण आडवी भिंत मधेच येऊन टेकते तिथे हे जमत नाही. तिथे भिंतीची अर्धी जाडी वजा करावी लागते. म्हणजे मधेच येऊन मिळणाऱ्याने काही तरी सोडायचे, असा नियमच आहे.

त्यात २०१६ सालचा रेरा कायदा. त्याने कार्पेट एरियाची व्याख्या करून टाकली. सदनिकेच्या बाहेरच्या भिंतींखालची जागा त्यात धरायची नाही, पण आतल्या आडभिंतींखालची धरायची. आता समजा बाहेरची भिंत सहा इंची आणि आडभिंत चार इंची आहे. आडभिंत बाहेरच्या भिंतीला येऊन टेकली तर प्रश्न नाही. पण कोणी मनात आणले आणि ते 'पुढचा' बटण दाबले, तर आडभिंत बाहेरच्या भिंतीच्या पोटातून पार जाईल आणि सहा इंच गुणिले चार इंच एवढा तुकडा बाहेरच्याचा आतला होईल. चोवीस चौरस इंच, म्हणजे चौरस फुटाचा सहावा भाग. फुटाला बारा हजार भाव धरला तर दोन हजार रुपये, आणि घरात असे सहा सांधे असले तर बारा हजार! एक वीट हललेली नाही. मी हे पुतणीला आकडेमोड करून दाखवले. ती म्हणाली, "काका, तुम्ही रिटायर झालात ते बरं झालं."

आता या सगळ्यात 'साफ करणे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच. त्या सॉफ्टवेअरमध्ये सांध्यापाशी गेले की ते विचारते, सांधा साफ दाखवू, साफ न करता दाखवू, की नकाशात इतरत्र जसे असेल तसे करू? यातल्या साफ दाखवण्याने भिंत तसूभर बदलत नाही. फक्त मधली रेघ दिसेनाशी होते. मला आधी वाटले, ही शुद्ध लबाडी आहे. आहे ते झाकायचे आणि त्याला म्हणायचे साफसफाई! पाहुणे यायच्या आधी आम्ही दिवाणखान्यातले सगळे कपडे पलंगाखाली सारतो तशातला प्रकार. पण विचार करता वाटले, तसे नाही. एकाच गवंड्याने एकाच दिवशी एकाच विटेत बांधलेल्या दोन भिंतींत ती रेघ मुळात नसतेच. ती रेघ संगणकाने दोन भिंती वेगळ्या काढल्या म्हणून आली. ती पुसणे म्हणजे खोटे पुसणे झाले. ती तशीच ठेवून 'मी जसे आहे तसे दाखवले' म्हणून मिरवणारा माणूस सत्यवादी नव्हे, आळशी आहे. असे सत्यवादी आमच्या कचेरीत बरेच होते. फायलीत वाळवी आहे हे ते खरेखरे सांगत असत.

मग लबाडी कुठे सुरू होते? याचे उत्तर मला तिसऱ्या दिवशी मिळाले.

पुतणी ज्या घराचे काम करीत होती ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले जुने घर. दोन भाऊ. वाटणी झाली तेव्हा माजघर मधोमध विभागले आणि साडेचार इंची भिंत घातली. भिंत सरळ गेली ती नेमकी समोरच्या खिडकीच्या मध्यावर. खिडकी एकच, उजेडाची वाटही तीच, सोडणार कोण? भिंत खिडकीपर्यंत नेली असती तर झडपा उघडल्या नसत्या, कारण जुन्या खिडकीच्या झडपा आत उघडतात. म्हणून भिंत अलीकडेच थांबवली. पुतणीने हिशेब केला, झडपा उघडायला नऊ इंच फट पुरली असती. गवंड्याने सव्वा फूट सोडली. का सोडली ते कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. ही झाली तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या काळात दोन्ही भावांचे बोलणे बंद झाले, नळावरून कोर्टात जाऊन आले. पण त्या फटीतून आमटीची वाटी इकडून तिकडे जात राहिली, वर्तमानपत्र तिकडून इकडे येत राहिले, आणि दोन-तीन वर्षांचे पोर आडवे होऊन पार जाते म्हणतात. मोठ्या माणसाला जाता येत नाही.

आता ते घर पाडून तिथे इमारत व्हायची आहे. त्यासाठी जुन्या घराचे आहे तसे माप हवे. मोजणीवाल्यांनी जाऊन मापे आणली, कोणी तरी ती संगणकात घातली, आणि साफसफाईच्या भरात ती भिंत सव्वा फूट पुढे ओढून खिडकीला टेकवली. सांधा इतका सुरेख झाला होता की काय सांगू! ना फट, ना जादा रेघ. पुतणीने मोजणीच्या वहीतले कच्चे चित्र उघडले नसते तर कळलेही नसते.

तिने भिंतीच्या टोकावर जाऊन 'सांधू नको' असा हुकूम दिला. असा हुकूम त्यात आहे. एखाद्या भिंतीला दुसरीशी मिळायचे नसेल तर तसे सांगता येते. भिंत मागे घेतली. फट उघडली. आणि लगेच संगणकाने तक्रार मांडली. झाले असे, की या सॉफ्टवेअरला खोली कळते ती भिंतींच्या बंद वेढ्यावरून. वेढ्याला भोक पडले की त्याच्या लेखी दोन खोल्या उरत नाहीत. त्याचे म्हणणे होते, या दोन्ही खोल्या एकाच आवारात आहेत; तेव्हा सगळे क्षेत्रफळ मी एकीच्या नावावर लावतो, आणि दुसरी खोली जादा समजतो.

मी दोनदा वाचून घेतले. कोर्टाला जे सांगता आले नाही ते या यंत्राने फटकन सांगितले होते.

"आता?" मी विचारले.

"साहेबांचा फोन येऊन गेला. ते म्हणतात, भिंत टेकव की. सव्वा फुटानं काय होतंय? नाही तरी घर पडणारच आहे. नगरपालिकेत पाडायचं ते पिवळ्या रंगात दाखवतात, त्या पिवळ्यात कोण फट बघतंय?"

साहेबाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सौ.ही म्हणाल्या, "मोडीत निघालेल्या घराचं खरंखोटं काय करायचंय? नव्या घरात दोघांना वेगवेगळे ब्लॉक मिळणार ना? झालं तर." मला मात्र ते पटेना. नव्या घराचा नकाशा म्हणजे इच्छा. तिथे भिंती वाटेल तितक्या काटकोनात काढा, कोणी हरकत घेणार नाही. जुन्या घराचा नकाशा म्हणजे साक्ष. साक्षीदाराने जरा नीटनेटके बोलावे, अडखळू नये, इथपर्यंत ठीक आहे. पण घडले नाही ते नीटनेटके सांगू लागला तर त्याला काय म्हणतात? आणि घर पडणार म्हणून तर साक्ष महत्त्वाची. उभे घर स्वतःची साक्ष स्वतः देते.

हे सगळे मी चांगल्या आवाजात बोलून दाखवले. पुतणीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, फट ठेवली तर एका भावाचं क्षेत्रफळ शून्य येतंय. ते घेऊन मी जाऊ का त्यांच्याकडे?"

यावर मला एकदम उत्तर सुचले नाही. सत्य सांगितले तर धाकट्याची खोली जादा ठरते, आणि प्रत्येकाची न्याय्य वाटणी करायची तर एक खोटी भिंत लागते. यापेक्षा अडचणीचा प्रश्न मला गीतेवरच्या प्रवचनातही कोणी घातला नव्हता. सुटका त्या सॉफ्टवेअरमध्येच निघाली. खोल्या वेगळ्या करणारी एक रेघ त्यात काढता येते. ती भिंत नसते. तिला जाडी नाही, उंची नाही, माल नाही. ती घरात कुठेही नसते, फक्त हिशेबात असते. तिच्यातून हात जातो, वाटी जाते, पोर जाते, फक्त क्षेत्रफळ जात नाही. पुतणीने फटीत अशी सव्वा फुटाची एक तुटक रेघ काढली, आणि दोन्ही खोल्यांचे आकडे आपापल्या जागी आले. शेजारी तिने लिहिले, 'फट, १ फूट ३ इंच, मूळची.'

मग एकच गोष्ट उरली. साडेचार इंची भिंतीची जाडी आतापर्यंत दोघांपैकी कोणाच्याच खोलीत मोजलेली नव्हती. पण फटीपुरती तिथे भिंतच नाही, तेव्हा साडेचार इंच गुणिले सव्वा फूट एवढी जमीन मोकळी उरते. अर्ध्या चौरस फुटाहून किंचित कमी. रेघ मध्यावर काढली तर निम्मी-निम्मी, पण इकडे सरकवली तर सगळी त्याची आणि तिकडे सरकवली तर सगळी याची. पुतणीने दोन्ही भावांना फोन केले. थोरल्याला आधी. तो म्हणाला, धाकटा काय म्हणतो ते विचारा. धाकटा म्हणाला, थोरले सांगतील तसे. तिने पुन्हा थोरल्याला फोन लावला, तर तो उचलीना. रात्री नऊ वाजता त्याचाच उलट फोन आला, आणि तिकडून मागे बायकामाणसांचे बोलणे ऐकू येत होते.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणाले, रेघ कुठंही मारा. पण नवीन ब्लॉकमध्ये ही खिडकी कुठल्या बाजूला येणार तेवढं सांगा."